इकोरोडू ते रियाध: नायजेरियन महिला फुटबॉलपटूची परदेशातली कारकीर्द कशी चालते

३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत होती. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला आणि त्यात नायजेरियाने जर्मनीला ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले. त्याआधी चारच दिवस मडगावच्या फातोर्डा मैदानावर कोलंबियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात याच मुलींचा शूटआउटमध्ये पराभव झाला होता, त्यामुळे नेरूळला त्यांनी केलेला जल्लोष जरा जास्तच मोकळा असणार, हे समजण्यासारखे आहे. कांस्यपदक गळ्यात घालून त्या परत गेल्या आणि आपल्याकडच्या प्रेक्षकांच्या दृष्टीने त्यांची गोष्ट तिथेच संपली.

त्यांच्या दृष्टीने मात्र ती तिथे सुरू होत होती. अशा स्पर्धांच्या प्रेक्षागारात परदेशी क्लबांचे पारखी आणि खेळाडूंचे एजंट वही घेऊन बसलेले असतात, हे प्रत्येक मुलीला माहीत असते. तरीही त्या रात्री यांपैकी कुठलीही मुलगी युरोपातल्या क्लबशी करार करून रीतसर खेळायला जाऊ शकली नसती. जागतिक फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फिफाच्या नियमानुसार, काही मोजके अपवाद सोडले तर, १८ वर्षे पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी हलवता येत नाही. म्हणजे नजरेत भरायचे सोळाव्या-सतराव्या वर्षी आणि निघायचे अठरा उलटल्यावर. मधली एक-दोन वर्षे घरच्याच लीगमध्ये काढायची, दुखापत होऊ द्यायची नाही आणि विसरले जायचे नाही. नायजेरियन मुलीच्या परदेशातल्या कारकिर्दीतला हा पहिला टप्पा बाहेरून दिसत नाही, पण बहुतेकींची वाट इथेच अडते.

ज्यांची अडत नाही त्यांचे पुढे काय होते, हे समजून घ्यायला असिसात ओशोआला हिच्या कारकिर्दीसारखे उदाहरण नाही. आफ्रिकेची सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू हा किताब तिला सहा वेळा मिळाला: २०१४, २०१६, २०१७, २०१९, २०२२ आणि २०२३. त्याआधीचा विक्रम तिच्याच देशाच्या पर्पेच्युआ न्क्वोचाचा, चार वेळांचा. पण ओशोआलाने कोणत्या क्रमाने क्लब बदलले हे पाहिले की सामान्य चाहता बुचकळ्यात पडतो. लिव्हरपूल, आर्सेनल, मग एकदम चीनमधला क्लब, तिथून बार्सिलोना, मग अमेरिकेत नुकताच जन्मलेला संघ आणि आता सौदी अरेबिया. पायऱ्या चढत जाणारी कारकीर्द अशी दिसत नाही. ही यादी क्लबांच्या नावलौकिकाच्या क्रमाने न वाचता, करार कधी संपत होता, कुठला हंगाम कोणत्या महिन्यात सुरू होत होता आणि पैसा कोण देत होते, या तीन प्रश्नांनी वाचली तर तिच्यातले प्रत्येक पाऊल बऱ्यापैकी सरळ दिसू लागते.

फिफाच्या नोंदणी व्यवस्थेत प्रत्येक खेळाडूच्या नावाने एक दस्तऐवज असतो, त्याला ‘खेळाडूचा पासपोर्ट’ म्हणतात. विमानतळावर दाखवायच्या पासपोर्टशी त्याचा काही संबंध नाही. ज्या वर्षी खेळाडूचा बारावा वाढदिवस येतो, त्या वर्षापासून ती कोणकोणत्या क्लबकडे नोंदलेली होती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच त्यात असते. दिसायला नोंदवहीतल्या रकान्यांइतका रुक्ष, पण पुढे पैशांच्या वाटपाची वेळ आली की याच कागदाला सोन्याचे मोल येते. ओशोआलाचा हा पासपोर्ट हातात आहे असे समजून आपण एकेक ओळ वाचत जाऊ.

तिचा जन्म ९ ऑक्टोबर १९९४ चा, लागोस राज्यातल्या इकोरोडूचा. योरुबा मुस्लिम कुटुंब. मुलीने शिकावे, फुटबॉलच्या नादी लागू नये, असे आईवडिलांना वाटत होते. पाठीशी उभी राहिली ती आजी. (आपल्याकडे कुस्ती किंवा कबड्डी खेळलेल्या किती मुली हेच वाक्य जसेच्या तसे सांगतील!) पासपोर्टातल्या सुरुवातीच्या ओळी दोन क्लबांच्या आहेत, लागोसमधला एफसी रोबो आणि पोर्ट हारकोर्टमधला रिव्हर्स एंजल्स. यांतला दुसरा क्लब रिव्हर्स राज्याच्या सरकारच्या आश्रयावर चालतो. नायजेरियातल्या अनेक महिला संघांची हीच स्थिती असून तिकीटविक्री किंवा दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा तिथे नावालाच असतो. सरकार बदलले, अर्थसंकल्पात कात्री लागली, की पगार रखडतात. त्यामुळे चांगल्या खेळाडूला परदेशी जाण्याची जी ओढ असते, तिच्यामागे कीर्तीच्या हौसेइतकेच दर महिन्याला ठरल्या दिवशी पगार हाती पडण्याचे आकर्षण असते.

ओशोआलाला दार उघडून दिले ते २०१४ च्या २० वर्षांखालील विश्वचषकाने. कॅनडात झालेल्या त्या स्पर्धेत नायजेरिया अंतिम फेरीत पोहोचला आणि जादा वेळेत जर्मनीकडून ०-१ असा हरला. ओशोआला ७ गोल करून सर्वाधिक गोल करणारी ठरली आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. त्याच वर्षी ती थोरल्या संघातून, म्हणजे ‘सुपर फाल्कन्स’कडून, आफ्रिकन अजिंक्यपद जिंकली. तेव्हा ती २० वर्षांची झाली होती, म्हणजे वयाची अट आड येत नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये लिव्हरपूलने तिला करारबद्ध केले.

इथे हंगामांचे गणित सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. जगातल्या सगळ्या लीग एकाच वेळी चालत नाहीत. इंग्लंडची महिला लीग तेव्हा वसंतात सुरू होऊन शरदात संपत असे. चीन, अमेरिका आणि स्वीडन इथे आजही साधारण तसेच आहे. स्पेनमध्ये हंगाम शरदात सुरू होतो आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. खेळाडूंची नोंदणी करण्याची मुदतही प्रत्येक देशाची वेगळी असते आणि ती मुदत टळली तर करार झालेला असूनही खेळता येत नाही. खेळाडू ज्या देशातून निघते तिथल्या महासंघाने दुसऱ्या देशाच्या महासंघाला आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र पाठवावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला असतो ना, अगदी तसेच हे प्रमाणपत्र समजावे. ते आल्याशिवाय नव्या ठिकाणी हजेरीपटावर नाव चढत नाही. २०१८ पासून व्यावसायिक महिला खेळाडूंच्या बाबतीतही ही सगळी देवाणघेवाण फिफाच्या ऑनलाइन प्रणालीतूनच करणे सक्तीचे झाले. आधी कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत, आणि एखाद्या कारकुनाच्या सुट्टीपायी मुदत हुकण्याची शक्यता असे.

याखेरीज व्हिसाचा प्रश्न असतोच. इंग्लंडमध्ये आता परदेशी खेळाडूला परवानगी देण्यासाठी गुणांची पद्धत आहे: राष्ट्रीय संघाकडून किती सामने खेळलात, आधीची लीग कोणत्या दर्जाची होती, यावर गुण मिळतात. इतर अनेक लीगांमध्ये परकीय खेळाडूंच्या जागाच मोजक्या असतात. याचा परिणाम असा होतो की नायजेरियातल्या लीगमध्ये कितीही गोल केले तरी तेवढ्याने भागत नाही, कारण ती लीग परदेशात फारशी कोणी पाहत नाही. राष्ट्रीय संघाची जर्सी अंगावर असणे ही परदेशी नोकरीची जवळजवळ पूर्वअटच होऊन बसते. याच कारणामुळे नायजेरियन खेळाडूंना त्यांच्या महासंघाशी भांडणेही अवघड जाते, पण त्याकडे नंतर येऊ.

लिव्हरपूल २०१३ आणि २०१४ असा सलग दोनदा इंग्लंडचा विजेता होता, त्यामुळे ओशोआला थेट अव्वल संघात गेली असे कागदावर दिसत होते. प्रत्यक्षात २०१५ च्या हंगामात संघाचीच घडी विस्कटली आणि तिला गुडघ्याच्या दुखापतीने बरेच सामने बाहेर बसवले. पुढच्या वर्षी ती आर्सेनलला गेली. मे २०१६ मध्ये वेम्बलीवर चेल्सीला १-० असे हरवून एफए चषक जिंकणाऱ्या संघात ती होती. आणि मग, २०१७ च्या सुरुवातीला, वय अवघे २२ असताना, तिने चीनमधल्या दालियान क्वानजियान क्लबशी करार केला.

त्या वेळी तिच्यावर बरीच टीका झाली. आर्सेनल सोडून कोणी चीनला जाते का, असा सूर होता आणि पुरुषांच्या फुटबॉलची सवय असलेल्याला तो पटण्यासारखाही होता. महिला फुटबॉलचा नकाशा मात्र वेगळा आहे. इंग्लंडची महिला लीग तेव्हा पूर्ण व्यावसायिक झालेली नव्हती, प्रसिद्ध क्लबच्या महिला संघाचा पगार आणि त्याच क्लबच्या पुरुष संघाचा पगार यांत जमीनअस्मानाचे अंतर होते. उलट चीनमध्ये मोठ्या उद्योगसमूहांनी क्लबांमध्ये पैसा ओतला होता आणि आफ्रिकन आघाडीपटूंना तिथे मागणी होती. ओशोआलाने त्या पहिल्याच हंगामात लीगमध्ये १२ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला आणि क्लब विजेता झाला. वर्षाअखेरीस आफ्रिकेच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताबही तिलाच मिळाला. ज्यांनी तिची वाट चुकली असे म्हटले होते, त्यांनी तिच्या बँकेचे पासबुक आणि गोलांचा आकडा एकत्र ठेवून पाहिला नव्हता, असे मला वाटते.

ती एकटीच या वाटेने गेली नव्हती. सहा विश्वचषकांच्या संघांत नाव असलेली बचावपटू ओनोमे एबी ही तुर्कस्तान, स्वीडन, बेलारूस, चीन असे देश फिरली. न्क्वोचाने आपली उमेदीची वर्षे स्वीडनच्या उत्तरेकडच्या सुनाना क्लबमध्ये काढली. लागोसच्या दमट उकाड्यातून निघून आर्क्टिक वृत्तापासून फार दूर नसलेल्या गावात फुटबॉल खेळायला जाणाऱ्या मुलीची कल्पना केली, तर ‘परदेशी खेळते’ या दोन शब्दांमागे काय काय असते याचा अंदाज येतो. मोठ्या क्लबांची नावे ठाऊक असलेले आपण सहसा हे क्लब पाहत नाही, पण नायजेरियन खेळाडूंच्या पिढ्या उभ्या राहिल्या त्या यांच्याच आधारावर.

जानेवारी २०१९ मध्ये हंगामांचे ते गणित ओशोआलाच्या कामी आले. चीनमधला हंगाम संपून सुट्टी चालू होती आणि स्पेनमधला हंगाम ऐन मध्यावर होता, बार्सिलोनाला गोल करणारी खेळाडू हवी होती. दालियान क्लबमागच्या क्वानजियान समूहावर त्याच सुमारास चीनमध्ये पोलीस कारवाई सुरू झाली होती. अशा वेळी ‘लोन’ ही सोय उपयोगी पडते. लोनवर जाणे म्हणजे मूळ क्लबशी असलेला करार न मोडता ठरावीक काळ दुसऱ्या क्लबकडून खेळणे. त्या काळाचा पगार कोणी किती द्यायचा, हे दोन क्लब आपसात ठरवतात. आपल्या सरकारी खात्यांतल्या प्रतिनियुक्तीसारखा हा प्रकार आहे. नव्या क्लबला धोका कमी, कारण खेळाडू पसंत पडली नाही तर मुदत संपल्यावर परत पाठवता येते. आणि खेळाडूला काही महिन्यांत स्वतःला सिद्ध करण्याची संधी.

तिने ती संधी कशी वापरली ते बुडापेस्टमध्ये दिसले. १८ मे २०१९ रोजी महिला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात फ्रान्सच्या ल्यों क्लबने पहिल्या अर्ध्या तासातच बार्सिलोनावर ४ गोल केले. सामना तिथेच संपला होता. ओशोआला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली आणि ८९व्या मिनिटाला तिने गोल केला. ४-१ या निकालात त्या गोलाने काही फरक पडला नाही, पण या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोल करणारी ती पहिली आफ्रिकन खेळाडू ठरली आणि बार्सिलोनाने तिला कायमचे करारबद्ध केले.

पुढची पाच वर्षे हा तिच्या कारकिर्दीतला सर्वांत समृद्ध काळ. तिने क्लबसाठी शंभराहून अधिक गोल केले. २०२१ मध्ये गोथेनबर्गला चेल्सीला ४-० ने हरवून बार्सिलोनाने चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०२३ मध्ये पुन्हा जिंकली. २०२१-२२ च्या हंगामात, दुखापतीने बरेच सामने हुकूनही, लीगमध्ये २० गोल करून ती ब्राझीलच्या गेझीसह सर्वाधिक गोलांच्या मानाची वाटेकरी झाली; त्या हंगामात बार्सिलोनाने लीगचे सर्वच्या सर्व ३० सामने जिंकले होते. त्याच वर्षी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या महिलांच्या बॅलन डी’ऑर पुरस्काराच्या नामांकन यादीत तिचे नाव आले, तिथे पोहोचणारी ती पहिली आफ्रिकन महिला.

पण इतक्या बलाढ्य संघात राहण्याची किंमतही असते. गोथेनबर्गच्या अंतिम सामन्यात ती सुरुवातीच्या अकरा जणींत नव्हती. बार्सिलोनाकडे आघाडीच्या जागांसाठी जगातल्या उत्तम खेळाडूंची रांग होती आणि तिशीकडे झुकणाऱ्या आघाडीपटूला बाकावरची प्रत्येक मिनिटे महाग पडतात, कारण तिचा पुढचा करार मैदानावर घालवलेल्या मिनिटांवर ठरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती अमेरिकेच्या लीगमध्ये नव्याने दाखल होणाऱ्या बे एफसी या सॅन होजेच्या संघात गेली. तिथला हंगाम मार्चमध्ये सुरू होणार होता, म्हणजे पुन्हा कॅलेंडर जुळत होते. १७ मार्चला लॉस एंजलिसमध्ये एंजल सिटीविरुद्धच्या सामन्यात तिने केलेला गोल हा त्या क्लबच्या इतिहासातला पहिला गोल, आणि त्याच एका गोलावर क्लबने आपला पहिला सामना जिंकला.

आता पैशांकडे येऊ. वृत्तपत्रांत ‘अमुक लाख युरोंना विकली गेली’ असे छापून येते तेव्हा ती रक्कम खेळाडूला मिळते असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ती ट्रान्स्फर फी असते, म्हणजे चालू करार मुदतीआधी मोडू देण्याबद्दल जुन्या क्लबला दिलेली भरपाई. खेळाडूला मिळतो तो नव्या कराराचा पगार आणि ठरले असल्यास सही करतानाची रक्कम. करार पूर्ण संपल्यावर खेळाडू गेली तर ट्रान्स्फर फी नसतेच. महिला फुटबॉलमध्ये करार बराच काळ एक-दोन वर्षांचेच असत, त्यामुळे बहुतेक खेळाडू फुकटात क्लब बदलत आल्या आहेत.

मग ज्या क्लबने तिला पंधराव्या-सोळाव्या वर्षी बूट दिले, चेंडू दिला, त्याच्या हाती काय येते? पुरुषांच्या फुटबॉलमध्ये याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे प्रशिक्षण-भरपाई: खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला किंवा तेविसावा वाढदिवस येतो ते वर्ष संपण्याआधी देश बदलला, की तिला घडवणाऱ्या क्लबला नव्या क्लबने पैसे द्यायचे, मग ट्रान्स्फर फी असो वा नसो. फिफाने हा नियम महिला फुटबॉलला मुद्दाम लागू केला नाही. महिलांचे क्लब इतके गरीब आहेत की हा बोजा टाकला तर ते परदेशी खेळाडू घेणेच बंद करतील, अशी त्यामागची भूमिका. तिच्यात तथ्य आहे. पण गरीब क्लबांचा बोजा हलका करताना त्यांच्याहून गरीब क्लबांचे उत्पन्न गेले, हेही खरेच.

दुसरा मार्ग महिलांनाही लागू आहे, त्याला एकजूट-निधी म्हणता येईल. खेळाडू करार चालू असताना ट्रान्स्फर फी घेऊन दुसऱ्या देशात गेली, तर त्या रकमेतला ५ टक्के भाग बाजूला काढून, तिच्या वयाच्या १२ ते २३ वर्षांच्या काळात ती ज्या क्लबांकडे नोंदलेली होती, त्यांच्यात वाटायचा. १२ ते १५ या चार वर्षांसाठी दर वर्षी मूळ रकमेच्या पाव टक्का आणि १६ ते २३ या आठ वर्षांसाठी दर वर्षी अर्धा टक्का, असा हिशेब आहे. समजा ट्रान्स्फर फी १ लाख युरो आहे आणि लागोसच्या एखाद्या क्लबने त्या मुलीला १६ ते १९ अशी चार वर्षे सांभाळले आहे. त्या क्लबचा वाटा झाला दर वर्षाचे ५०० प्रमाणे २,००० युरो. युरोपातल्या क्लबला एवढ्यात एक विमानाचे तिकीट आणि हॉटेलचे थोडे दिवस निघतील. लागोसच्या क्लबला मात्र त्यातून सगळ्या मुलींचे बूट घेता येतील.

याच फेब्रुवारी २०२४ मध्ये, याच बे एफसीने, झांबियाच्या रेचेल कुंदनांजीला माद्रिदच्या क्लबकडून सुमारे ७ लाख ३५ हजार युरोंना घेतले. महिला फुटबॉलमधला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. त्याचे ५ टक्के म्हणजे साधारण ३६,७५० युरो. पण कुंदनांजी झांबियानंतर कझाकस्तान आणि स्पेनमध्ये खेळलेली असल्याने मोठ्या वयाच्या, म्हणजे जास्त दराच्या, वर्षांचा वाटा त्या देशांतल्या क्लबांकडे जातो. मायदेशी उरतो तो लहान वयाचा, कमी दराचा.

आणि तोही मिळण्यासाठी तो मघाचा पासपोर्ट लागतो. मुलगी बाराव्या वर्षी गल्लीतल्या संघात खेळत होती हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत असते, पण त्या संघाची महासंघाकडे नोंद नसेल, तर कागदावर ती वर्षे कोरीच राहतात. कोऱ्या रकान्याला पैसे मिळत नाहीत. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाने पॅरिसमध्ये एक वसुली-वाटप केंद्र चालू केले आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवरून हे वाटे आपोआप काढले जातात. क्लबांना दारोदार हात पसरावे लागू नयेत, ही कल्पना चांगलीच आहे. मात्र संगणक जे नोंदलेले आहे तेच वाचतो. ओशोआलाने लागोसमध्ये मुलींसाठी स्वतःची अकादमी काढली आहे, तिचे महत्त्व मला खेळाच्या शिकवणीइतकेच या बाबतीतही वाटते: मुलीचे नाव वेळेवर कागदावर चढणे ही तिच्या गावाच्या हिताची गोष्ट असते.

राष्ट्रीय संघाचा मुद्दा मघाशी अर्धा सोडला होता. परदेशी क्लब खेळाडूला पगार देतो, पण फिफाने ठरवून दिलेल्या तारखांना त्याला ती तिच्या देशाकडे पाठवावीच लागते. महिलांचा आफ्रिकन चषक दीर्घकाळ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होई, अलीकडे तो जुलैमध्येही होऊ लागला. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली, आणि २०२४ ची म्हणून ओळखली जाणारी स्पर्धा प्रत्यक्षात जुलै २०२५ मध्ये मोरोक्कोत भरली, म्हणजे अमेरिकेचा हंगाम ऐन भरात असताना. २०२२ मध्ये तर ओशोआला अशा स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर पडली. तो तोटा तिचा आणि तिच्या संघाचा जितका, तितकाच बार्सिलोनाचाही होता.

देशासाठी खेळण्याचे मानधन हा तर जुनाच वाद. डिसेंबर २०१६ मध्ये आफ्रिकन अजिंक्यपद जिंकून आल्यावर सुपर फाल्कन्सनी थकलेल्या बोनससाठी राजधानी अबुजातले हॉटेल सोडायला नकार दिला. २०१९ च्या विश्वचषकात जर्मनीकडून हरल्यावर फ्रान्समध्येही त्यांनी तेच केले. परदेशात खेळणाऱ्या खेळाडूला हे भांडण परवडते, कारण तिचा पगार दुसरीकडून येतो. मायदेशी खेळणाऱ्या मुलीला राष्ट्रीय संघातली जागा गमावली तर परदेशाचे दारच बंद होते. म्हणून या आंदोलनांत पुढे उभ्या राहिलेल्या अनेकजणी परदेशी क्लबांच्या होत्या, यात आश्चर्य नाही. २०२३ च्या विश्वचषकासाठी फिफाने प्रथमच प्रत्येक खेळाडूमागे रक्कम जाहीर केली, गटसाखळीपर्यंत पोहोचल्यास ३०,००० डॉलर आणि बाद फेरी गाठल्यास ६०,००० डॉलर. नायजेरियाने बाद फेरी गाठली.

ती गाठली ती मुख्यतः २७ जुलै २०२३ च्या ब्रिस्बेनमधल्या सामन्यामुळे. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध ओशोआला त्या दिवशी बाकावरून उतरली होती. नायजेरिया २-१ ने पुढे असताना, ७२व्या मिनिटाला, ऑस्ट्रेलियाची बचावपटू आणि गोलरक्षक यांच्यात चेंडू कोणी घ्यायचा याचा गोंधळ झाला. ओशोआला मधून निसटली, चेंडू तिच्यापुढे आला तेव्हा गोलपोस्ट जवळजवळ रेषेत होता, कोन अगदी अरुंद. तिने तो रिकाम्या जाळ्यात सरकवला, धावत जाऊन जर्सी काढून हवेत फिरवली आणि पिवळे कार्ड स्वीकारले. सामना ३-२ असा सुटला. २०१५, २०१९ आणि २०२३ अशा तीन विश्वचषकांत गोल करणारी ती पहिली आफ्रिकन महिला ठरली. पुढच्या फेरीत इंग्लंडने नायजेरियाला शूटआउटमध्ये हरवले.

दोन वर्षांनी, २६ जुलै २०२५ रोजी, राबातमध्ये यजमान मोरोक्कोविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ असे जिंकून नायजेरियाने दहावे आफ्रिकन अजिंक्यपद मिळवले. ओशोआला संघात होती. स्पर्धेत नायजेरियाचा पहिला गोलही, ट्युनिशियाविरुद्ध, तिचाच. पण आता संघाची कप्तान रशीदत अजिबाडे होती आणि गोष्टीचा मध्यबिंदू तिच्याकडे सरकला होता. विजेत्या संघासाठी बक्षीस १० लाख डॉलरचे होते, म्हणजे मागच्या वेळेच्या दुप्पट. घरी परतल्यावर राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी प्रत्येक खेळाडूला १ लाख डॉलरच्या मोलाची रक्कम आणि अबुजात घर जाहीर केले. थकलेल्या बोनससाठी हॉटेलात ठाण मांडून बसलेल्या संघाला अवघ्या काही वर्षांत असा पाहुणचार मिळावा, हे वाचून मला आनंद झाला आणि थोडी गंमतही वाटली.

त्यानंतर काही आठवड्यांतच ओशोआलाने बे एफसी सोडून रियाधच्या अल हिलालशी करार केला. सौदी अरेबियाची महिला प्रीमियर लीग २०२२ मध्ये सुरू झाली. नायजेरियाची बचावपटू अॅशली प्लम्पट्र ही २०२३ मध्येच इंग्लंडमधून तिकडे, अल इत्तिहादला गेली होती. पुन्हा एकदा, मोठ्या नावाची लीग सोडून पैसेवाल्या नव्या लीगकडे गेली अशी चर्चा झाली, जशी आठ वर्षांपूर्वी दालियानच्या वेळी झाली होती. या वेळी तिचे वय २२ नव्हते, ३१ कडे झुकले होते. आघाडीपटूच्या हिशेबात या वयात मोठे करार एखाद-दुसराच उरलेला असतो. तिच्या पासपोर्टात नायजेरिया, इंग्लंड, चीन, स्पेन आणि अमेरिका यांच्याखाली सहाव्या देशाची ओळ भरली गेली, मात्र एकजूट-निधीचे रकाने तेविसाव्या वर्षाशी थांबलेले असल्याने या ओळीतल्या वर्षांसाठी अल हिलालला कधी वाटा मिळणार नाही.